नुसता दिवा

भाट्ये,
ता. २९ नोव्हेंबर १९३१

चि. सौ. कमळीस राहीचा आशीर्वाद.

अक्षर ओळखलं असशील आणि आक्काला काय झालं म्हणून आधी पाकीटच उलटंपालटं केलं असशील. मला काही झालेलं नाही. मेले असते तर पत्र दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं.

सहा वर्षांत मी तुला पत्र टाकलं नाही, तूही नाहीस. एका आईच्या दोन मुली आणि वर एकाच नवऱ्याच्या दोन बायका, इतकं जवळचं नातं झाल्यावर बोलायला काही उरत नसावं. ह्यांचं कार्ड येतं महिन्याला. 'सर्व खुशाल' एवढंच असतं त्यात, म्हणजे गोदीत नोकरी चालू आहे आणि गिरगावातली खोली अजून गळते, असं मी समजते. आज लिहिते आहे ती बातमीच तशी आहे म्हणून. मी पावणाईची दिव्याची बाय झाले.

तिकडे विजेच्या दिव्यांत तू विसरली असशील. पावणाईच्या गाभाऱ्यातली समई तिन्हीसांजेला लावायची आणि शेजारती होईपर्यंत तिच्यापाशी बसून वात सारखी करायची, हे काम आपल्या वाडीत बाईचं. तीही अशी बाई हवी की जिचं बाहेर बसणं कायमचं संपलंय. सखाराम गुरव पूजा करील, गाऱ्हाणं घालील, पण समईला बोट लावायचा नाही. इतकी वर्षं गंगुबाई बसायची. आता तिला दिसेनासं झालंय. गेल्या महिन्यात वात समजून पदरच पेटवून घेतलान, तेव्हा देवळात सगळे जमले आणि माझं नाव निघालं. कुणीतरी म्हणालं, ही तर अजून चाळिशीचीही नाही. तर गंगुबाईच म्हणाली, "तिला लवकर सोडवलान गो देवीन. कायतरी मनात असल तिच्या."

हे तुलाही ठाऊक नसेल. छत्तिसाव्या वर्षीच माझं सगळं थांबलं. आधी मला वाटलं, दिवस राहिले. हसू नकोस. मी कुणाजवळ बोलले नाही, एकटीच मागीलदारी चिंचेचा आकडा फोडून खाऊन पाहिला, आणि तो आवडतोय की नाही तेच मला ठरवता येईना. मग एक दिवस अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं झालं, सगळं न्हाऊन निघाले घामाने, आणि कळलं की हे ते नव्हे, हे दार बंद झाल्याचं आहे.

पण बातमी ही नाही. बातमी अशी की त्रिपुरी झाल्यावर एका संध्याकाळी मी समईपाशी बसले होते. बाहेर खाडीवर धुकं उतरलेलं, माणसं पलीकडे नेणाऱ्या तरीवरच्या हाका कुठून तरी लांबून आल्यासारख्या. सखाराम गाऱ्हाणं घालत होता. आणि ज्योतीभोवती कडं उमटलं, कमळे. आत निळं, जांभळं, मग पिवळसर, आणि बाहेर कुंकवासारखं तांबडं. चंद्राला खळं पडतं ना, तसं, पण रंगीत. मी डोळे चोळले, तरी गेलं नाही. घरी येऊन कंदिलाकडे पाहिलं तर त्यालाही थोडं होतं, मग झोपले, आणि सकाळी काही नव्हतं.

डोहाळजेवणात जिच्या हातून कुणी ओटी भरून घेत नाही, जिच्या हातून तू बारशाच्या दिवशी, जाऊ दे ते. अशा बाईला देवीने हे दाखवलं. कुणाला सांगावं म्हटलं तर तूच आठवलीस, ह्याचं माझं मलाच नवल वाटतं.

शेवंतीला पापा. ती आता केवढी झाली असेल ते मी डोळ्यांपुढे आणायला बघते, पण मला पाळण्यातलीच दिसते.

राही

&nbsp;

भाट्ये,
ता. १२ जानेवारी १९३२

चि. कमळीस,

तुझं उत्तर नाही. नसू दे. बोलणाऱ्याने बोलत राहावं, तशी लिहिते. हल्ली संध्याकाळ कधी होते असं मला होतं. दुपारी वाडीत शिपणं करताना पाटातलं पाणी चकाकतं, तेव्हासुद्धा मी त्यात रंग शोधते.

आता सगळ्यांना ठाऊक झालंय. मी एकट्या सखारामला म्हटलं होतं, म्हणजे वाडीला म्हटल्यासारखंच. आधी बायका नुसत्या दारात येऊन बघायच्या. त्यांना ज्योतच दिसायची, म्हणून त्या माझ्या तोंडाकडे बघत. मग खारव्यांची हिरा आली. तिच्या नवऱ्याची होडी रात्री जाळी टाकायला जायची होती. म्हणाली, "बाय, कसा हाय आज? तांबडा मोठा की निळा?" मी म्हटलं, तांबडा मोठा. होडी भरून आली. झालं. आता आधी देवीचा कौल घ्यायला मूर्तीला पाकळ्या लावतात, तरी मग माझ्याकडे वळून विचारतातच.

एक युक्ती सखारामने काढलीन. गाभाऱ्याचं दार लोटून घेतलं की कडं जास्त चांगलं उमटतं. बाहेरचा उजेड आत आला की ते फिकं होतं. म्हणून मी आत बसले की तो दार ओढून घेतो आणि बाहेरच्यांना दटावतो, "गप ऱ्हावा, बायला नीट बगूंदेत." मग तो काळोख, तेलाचा आणि झेंडूचा वास, देवीचे चांदीचे डोळे, आणि त्या काळोखात हळूहळू उमलत जाणारं ते कडं. मी कुठे आहे, कोण आहे, मला मूल नाही, नवरा लांब आहे, काही म्हणजे काही आठवत नाही. सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं मऊ होऊन जातं. अशी मी आयुष्यात कधी बसले नव्हते.

जरा कपाळ जड होतं घरी आल्यावर. सुंठ उगाळून लावते. झोपले की उतरतं.

तुला आठवतं का, आई पडवीत बसून कंदिलाकडे बघत हसायची? 'दिव्याला फूल आलं गो' म्हणायची. आपण दोघी धावत जाऊन बघायचो आणि आपल्याला काही दिसायचं नाही. तू रडायचीस, आईने फूल एकटीने खाल्लं म्हणून. मला आता वाटतं, आईला हेच दिसत असणार. देवी आपल्या घरावर तेव्हापासूनच प्रसन्न होती, आपल्याला कळलं नाही.

बरोबर कोकमं आणि सांडगे पाठवते आहे. काशीराम खलाशी धक्क्यावर आणून देईल.

राही

&nbsp;

भाट्ये,
ता. २१ फेब्रुवारी १९३२

सौ. कमळास,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, म्हणून लिहीत नाही.

सहा वर्षांनी तुझं पत्र आलं. पोस्टमन तरीतून उतरताना दिसला तशी मी धावत गेले पाणवठ्यावर. आणि आत काय? शेवंतीचे डोळे आले म्हणून तू डॉक्टरकडे गेलीस आणि माझं पत्र त्याला वाचून दाखवलंस. माझं अंगातलं, माझं चिंचेच्या आकड्याचं, सगळं! परक्या पुरुषाला! वर तो विचारतो की बाईची पाळी जाऊन किती काळ झाला, बाळंतपणं किती, आईला काय होतं, आणि तू खाली मान घालून सगळं सांगितलंस. मी मेले लाजेने.

आणि त्याचं म्हणणं काय, तर हे कडं म्हणजे दुखणं आहे. काचबिंदू. डोळ्यात पाणी तुंबतं म्हणून दिसतं. अंधारात बसू देऊ नका, ताबडतोब घेऊन या.

कमळे, एक विचारते. आपल्या नवऱ्यासाठी तुला मागायला आप्पांकडे मीच गेले होते. सासूच्या तोंडून रोज वांझ ऐकण्यापेक्षा घरात माझीच बहीण येऊ दे, असं मीच म्हटलं. तुला नवरा मिळाला, मूल मिळालं, मुंबई मिळाली. मी ह्या कौलारू घरात नारळ मोजत बसले. बारशाला मी शेवंतीला पाळण्यात घालायला उचलली, तर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, 'आक्का, तू नको.' तेही मी गिळलं. आता कुठे देवीने मला एवढंसं काही दिलं, जे वाडीत दुसऱ्या कुणाला नाही, तर तेही तुला दुखणं वाटतं?

आईचं मला शिकवू नकोस. आई शेवटी आंधळी झाली हे मला ठाऊक आहे. तिचं वय झालं होतं.

राही

खाली लिहिते. आईचं वय झालं नव्हतं. ती गेली तेव्हा पन्नाशीही उलटली नव्हती. हे लिहिलं नाही तर झोप यायची नाही म्हणून लिहिलं. बाकी वरचं सगळं तसंच.

&nbsp;

भाट्ये,
ता. २८ मार्च १९३२

चि. कमळीस,

ओळी वरखाली गेल्या तर समजून घे. उंबऱ्यात पाय घसरला, खोक पडली कपाळाला, म्हणून नीट लिहिता येत नाही.

शिमगा झाला. पालखी छान नाचवली. तुला ढोल आवडायचे.

दोन ओळी लिहून पेन ठेवला होता. आता परत धरला. उंबरा वगैरे काही नाही, कमळे. खरं सांगते.

पालखी बाहेर निघाली की गाभाऱ्यात देवी नसते, पण समई विझता कामा नये. म्हणून दार लोटून मी एकटीच आत बसले. दिवसभराचा उपास, जागरण. बाहेर पालखी टेकवायच्या सहाणेवर ढोल वाजत होते, आणि आत कडं एवढं मोठं झालं की सबंध गाभारा त्यात मावला. भिंती रंगीत झाल्या. मला वाटलं, आता देवी येणार, ह्याच्यातूनच येणार. आणि उजव्या डोळ्यात कुणीतरी खुंटी ठोकल्यासारखी कळ आली. डोकं फुटतंय असं झालं. गाभाऱ्यात नको म्हणून पदरात ओकले. हाताला दार सापडेना. हाका मारल्या त्या ढोलात कुणाला ऐकू जाणार? शेवटी पालखी परत आली तेव्हा सखारामने दार उघडलं. वाडीतल्या बाया म्हणतात, बायच्या अंगात आलं होतं. माझ्या पाया पडून गेल्या. कुणी एकीनेही विचारलं नाही, बाय, दुखतंय का.

उजव्या डोळ्याने आता धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. खाडीपलीकडचा किल्ला डावा डोळा झाकला की नसतो. लाल झालाय, आणि हात लावून बघितला तर पिकल्या सुपारीसारखा टणक लागतो. डावा अजून कोवळ्या सुपारीसारखा आहे.

आईचा डोळा शेवटी असाच लाल होता. ती दुखतं म्हणायची, आपण मिरी घालून अंजन करून द्यायचो.

ह्यांना सांगू नकोस अजून. का ते माझं मलाच कळत नाही.

राही

&nbsp;

भाट्ये,
ता. १९ मे १९३२

चि. कमळीस अनेक आशीर्वाद.

तू काशीरामबरोबर पाठवलेली थेंबांची बाटली पोचली होती. देव्हाऱ्यात ठेवली. आता जे लिहिते त्यावर रागावायचं तेवढं रागाव. थेंब घातले की कडं येत नाही. बाहुली मोहरीएवढी बारीक होते, कपाळ हलकं होतं, आणि समई नुसती समई दिसते. हे पहिल्याच दिवशी माझ्या ध्यानात आलं. म्हणून मी थेंब सकाळी घालायची. संध्याकाळी देवळात जायच्या आधी घालायचे नाहीत, म्हणजे कडं बघायला मिळतं, आणि ते बघून घरी आले की मग घालायचे. अशी मी दोन्हीकडून चोरी करत होते, देवीकडूनही आणि डॉक्टरकडूनही.

मी वेडी नाही, कमळे. डॉक्टरचं खरं आहे हे मला शिमग्यापासूनच कळलंय. पण कडं गेलं की मी कोण? वाडीतल्या कोणत्याही बाईला विचार, राही कोण? कडं यायच्या आधी त्या काय सांगायच्या ते तुला ठाऊक आहे. आता हिरा होडी सोडायच्या आधी माझ्याकडे येते. लग्न झालेल्या पोरी मला वाकतात. हे सोडून मुंबईला जायचं आणि एका बाईच्या दोन डोळ्यांसाठी सगळं हातचं घालवायचं? मी तर ठरवलं होतं की नाही जायचं. गंगुबाई आंधळी होऊन जगतेच आहे. आईही जगली. देवीच्या दिव्याची बाय आंधळी व्हायची, हे आपलं होतच आलंय, असं मी मनाला सांगत होते.

मग गेल्या आठवड्यात तुझं पत्र आलं. तू ना भांडलीस, ना डॉक्टरचं लिहिलंस. नुसतं लिहिलंस, 'शेवंती विचारते, मोठी आई कशी दिसते? मी सांगते, माझ्यासारखीच, पण नाक जास्त चांगलं. तीही तुझ्यासारखी दिसते, आक्का. तिला एकदा बघितल्याशिवाय आंधळी होऊ नकोस.'

मोठी आई. हे तू तिला कधीपासून शिकवलंस? मी इथे सहा वर्षं समजत होते की त्या घरात माझं नाव कुणी काढत नसेल. आणि तिकडे एक पोर मला मोठी आई म्हणते आहे, आणि मला तिचं तोंड ठाऊक नाही. मी पत्र घेऊन माडाखाली बसले आणि मोठ्याने रडले. शेजारची म्हैस बघत होती, बघू दे म्हटलं.

त्या संध्याकाळी थेंब घालून देवळात गेले. काळोखात बसले. ज्योत होती, वात होती, तेल होतं, आणि दुसरं काही नव्हतं. बाहेरून हिराने विचारलं, "बाय, हाय काय?" मी म्हटलं, "आहे." पहिल्यांदा खोटं बोलले. ती समाधानाने गेली. होडी परत किनाऱ्याला लागेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

आगबोटी आता पावसाळ्यापुरत्या बंद होतील. शेवटची येईल तिने येते. तरीने खाडी ओलांडून, मग पडावातून बोटीवर चढायचं आहे, एका डोळ्याने. पाण्यात पडले तर शेवंतीला सांग, मोठी आई पोहायला गेली.

धक्क्यावर तूच ये. ह्यांना पुढे पाठवू नकोस. मला आधी तुला बघायचंय.

राही

&nbsp;

भाट्ये,
ता. १८ सप्टेंबर १९३२

चि. सौ. कमळीस, चि. शेवंतीस, दोघींना राहीचे पोटभर आशीर्वाद.

सुखरूप पोचले. बोट लागली, पण इतरांना जास्त. घर शाबूत आहे, दोन कौलं गेली आणि शेणीच्या खोपटात मांजर व्यालं.

तिथे असताना तुझ्याशी बोलता आलं नाही ते इथे येऊन लिहिते. आपल्या दोघींना समोरासमोर बोलता येत नाही, समुद्र मध्ये असला की येतं.

उजवा गेला, त्याचं मला वाईट वाटतं, पण फार नाही. डावा राहिला. ते डॉक्टर मला आवडले. पहिल्या दिवशी, धक्क्यावरून शेवंतीलाही न भेटवता तू मला थेट तिथे नेलंस तेव्हा, त्यांनी पापणीवर बोटं दाबून बघितलं, मग बायकांचं सगळं विचारायला लागले, तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं होतं. त्यांनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि म्हणाले, "बाई, हे मी उगाच विचारत नाही. हे दुखणं माझ्याकडे बायकांचंच जास्त येतं. ज्यांची पाळी लवकर गेली त्या जास्त, असं मला माझ्या पाहण्यावरून वाटतं. बाईच्या अंगात एक रस असतो, शास्त्रज्ञांच्या हाती तो आत्ता कुठे लागतोय. तो आटला की अंगात आणखी काय काय बदलतं, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. मलाही नाही." न कळणारं न कळत नाही म्हणून सांगणारा पुरुष मी पहिल्यांदा पाहिला. मग त्यांनी समजावलं की डोळ्यातलं पाणी एका बारीक वाटेने बाहेर जातं, अंधारात बाहुली मोठी होते आणि ती वाट दाटते. मी म्हटलं, कळलं, पाटात पाल्याचा पातेरा अडकला की मागे पाणी तुंबतं. ते म्हणाले, अगदी तेच. म्हणजे सखाराम मला कडं चांगलं दिसावं म्हणून दार ओढत होता, तो माझाच पाट बंद करत होता.

डोळा कापल्यावर दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, आणि मान हलवायची नाही म्हणून उशांच्या मध्ये मला ठोकून बसवलं होतं. तेव्हा त्या काळोखात मला काही दिसायचं नाही, कडं नाही, ज्योत नाही, नुसता मऊ काळोख, आणि बाहेर पाऊस. मी अर्धी झोपेत असायची. आई पडवीत बसलेली दिसायची. वाटायचं, हेच राहणार आता. आणि एका दुपारी तू काही न बोलता शेवंतीला माझ्या मांडीवर आणून ठेवलंस. मी हाताने बघितली तिला. कपाळ, भुवया, नाक, आणि गालाला चिकटलेला गूळ. आपलंच नाक आहे गो तिचं. मी वाट बघत होते कुणीतरी 'तू नको' म्हणेल म्हणून. कुणी म्हटलं नाही. तू रडत होतीस ते मला ऐकू येत होतं, पण मी काही बोलले नाही, कारण पोर तोंडात बोट घालून झोपायला लागली होती. बारशाचं ते तिथे फिटलं, कमळे. पुन्हा काढू नकोस, मीही काढणार नाही. पट्टी सुटल्यावर तिला पहिल्यांदा डोळ्याने बघितली, तेव्हा हातांनी बघितल्याहून वेगळी काही दिसली नाही.

आता इथलं सांगते. आले त्या संध्याकाळी सगळी वाडी देवळात. मी समई लावली. सखाराम सवयीने दार ओढायला लागला. मी म्हटलं, "सखाराम, दार उघडं राहू दे." तो गोंधळला. वारा आत आला, ज्योत हलली. हिरानेच विचारलं, "बाय, काय दिसतंय?"

खोटं जिभेवर आलं होतं, तुझी शपथ. मी म्हटलं, "नुसता दिवा."

मी त्यांना डोळ्यांचं सगळं सांगितलं, कापल्याचं, पाण्याचं, काळोखाचं. हेही सांगितलं की ते देवीचं देणं नव्हतं, माझं दुखणं होतं, आणि शेवटी एकदा कडं नसताना मी आहे म्हणाले होते. बाया एकेक करून उठल्या. सखाराम पायांकडे बघत राहिला. मला वाटलं, आपलं संपलं, उद्या दुसरी बाय बघतील. तर भिंतीला टेकून बसलेली गंगुबाई म्हणाली, "मला पण दिसायचा गो. किती वरसां. मी कुणाला सांगितलाच नाय. मला वाटला, सगळ्यांस्नी दिसतो." तिचे ते दोन पांढरे डोळे माझ्याकडे वळलेले. मला तिथे हुंदका आवरेना. तिच्या आधीची दिव्याची बाय कशी गेली ते मी विचारलं. तीही आंधळी.

काही दिवस देवळात कुणी आलं नाही. मी एकटी समईपाशी दार उघडं टाकून बसायची. मग परवा सकाळी पाणवठ्यावर हिराने मला बाजूला ओढलं. ती माझ्याहून मोठी, तिचं बाहेर बसणं दोन वर्षांमागे थांबलंय. कानाशी लागून म्हणाली, "बाय, माजा नवरा कंदील घेऊन येतो ना होडीवरना, त्या कंदिलाला कडा हाय. कवापासना. तुला दिसायचा म्हणून मी बोललू नाय. म्हटला, बाय रागवल."

मी तिला येत्या बोटीने पाठवते आहे. बरोबर काशीराम आहे, धक्क्यावर तू जा. तिला गर्दीची सवय नाही आणि तिचा आवाज मोठा आहे, चाळीत सांभाळून घे. डॉक्टरांना सांग, राहीने पाठवली.

आणि आता सखारामने नवंच ठरवलंय, ऐक. वाडीतल्या ज्या बाईचं बाहेर बसणं थांबेल, तिने एका संध्याकाळी येऊन समईकडे बघायचं. जिला नुसता दिवा दिसेल ती नारळ ठेवून घरी जाईल. जिला कडं दिसेल तिने मला सांगायचं. म्हणे हा देवीचाच कौल आहे, आपण इतके दिवस उलटा वाचत होतो. मी त्याला म्हटलं, तू आपलं दार तेवढं उघडं ठेव.

आता तुझं. तू माझ्याहून धाकटी आहेस, तुझं अजून चालू आहे, पण आपली आई एकच. रोज तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावशील तेव्हा त्याच्याकडे जरा थांबून बघत जा. मग मला कार्ड टाक. बाजाराचं, पावसाचं, ह्यांच्या खोकल्याचं नाही लिहिलंस तरी चालेल. आधी ती दोनच अक्षरं लिही, नुसता दिवा, मग बाकीचं. पोस्टमन दिसला की मी पाणवठ्यावर जाते, आणि कार्ड हातात पडलं की तेवढंच आधी शोधते.

शेवंतीलाही शिकव बघायला. तिला काहीच दिसत नाही म्हणून ती रडली तर रडू दे.

तुझी आक्का
राही